धुराचा चहा

'अपारंपरिक ऊर्जा' हे शब्द कुठे वाचले की मला झाडेसाहेबांचं नाक आठवतं. लांब, शेंड्याला जरा लालसर, आणि चहाच्या कपावर वाकलेलं. या विषयावरच्या सभांना मला अजून कधीमधी बोलावतात. सूर्याची शक्ती, वाऱ्याची शक्ती, शेणाची शक्ती, सगळ्यांवर भाषणं होतात आणि टाळ्या पडतात. मी मागच्या रांगेत बसून विचार करते की व्यासपीठावरच्या या मंडळींपैकी एकाने तरी कुणाच्या घरात बसून कप नाकाला लावला असेल का? झाडेसाहेब लावत असत. त्यांची सगळी तपासणी तेवढीच होती.

मी तेव्हा ग्रामसेविका होते. नालवाडीला राहायचे, तिथून बसस्टँड गाठायचं आणि मिळेल त्या गाडीने गावं धरायची, असा माझा दिवस. बळवंत झाडे आमच्याच कचेरीत गोबरगॅसचे पर्यवेक्षक होते. मला त्यांच्याबरोबर पाठवायचं कारण साधं होतं. गॅसची टाकी परसात असते, ती कुणीही पुरुष पाहू शकतो. पण शेगडी चुलीपाशी असते, आणि चुलीपर्यंत परक्या पुरुषाला आमच्याकडे कोण येऊ देणार? म्हणून साहेब ओसरीवर आणि मी आत, अशी आमची वाटणी.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. परसात विटांची एक विहीर बांधायची, तीत रोज शेण-पाण्याचा काला ओतायचा आणि वर एक लोखंडी टाकी उपडी ठेवायची. आत गॅस धरला की टाकी फुगल्यासारखी वर येते, आणि नळीवाटे तो गॅस घरातल्या शेगडीत जातो. तपासणीला येणारे बाकीचे साहेब टाकी वर आलेली दिसली की सही करून मोकळे होत. झाडेसाहेब टाकीकडे ढुंकूनही पाहत नसत.

"टाकी तं बांबू लावून बी उचलता येते, बाई," ते मला म्हणाले होते. "मी पाह्यले हायेत असे महाभाग. खालून दोन बांबू, वरून हार. चाय खोटा बोलत नाई."

ओसरीवर बसले की पहिलं वाक्य ठरलेलं, "चाय टाका." घरच्यांना वाटायचं, काय मोकळ्या मनाचा साहेब आहे, आपणहून चहा मागतो. चहा यायचा. साहेब कप उचलत, नाकाशी नेत आणि डोळे मिटत. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, धूर निराळा, बाभळीचा निराळा, रॉकेलचा तर लहान पोरालाही कळेल. धुराचा वास आला की कप खाली. एक घोट घेतला असेल नसेल, तेवढाच. मग तो चहा देवाने जरी आणला असता तरी त्यांनी तो पुरा केला नसता. आणि वास नसला तर सगळा कप एका दमात संपवून आतल्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "मस्त झाला चाय, माय." त्यांच्या तोंडून एवढंच काय ते गोड निघे. बाकी सगळा राग.

एका गावी असाच कप खाली ठेवला गेला. मालक म्हणाला, आज पाहुण्यांच्या गडबडीत चुलीवरच केला, एरवी गॅसवरच असतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आत गेले. चुलीपाशी शेगडी नव्हतीच. शोधता शोधता देवघरात सापडली. हळदकुंकू वाहिलेली, वर समई ठेवलेली. घरच्या म्हातारीने मला मोठ्या भक्तिभावाने सांगितलं, "सरकारनं देल्ली ना माय, म्हून देवापाशी ठुली." परसातल्या विहिरीत शेणाचा थेंब पडलेला नव्हता. शेण ओतायच्या कुंडीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. कचेरीच्या लेखी मात्र हे संयंत्र गेल्या उन्हाळ्यापासून धडधडत होतं, कारण आधीच्या साहेबाने तिथे सही ठोकलेली होती. त्याने चहा मागितला नसणार, किंवा मागितला आणि पिऊन टाकला असणार.

झाडेसाहेब म्हातारीवर रागावले नाहीत. तिला म्हणाले, "आजी, देवापाशी राहू द्या, पण देवाले बी निवद रांधाले चूल लागते." राग त्यांनी राखून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत काढला. आमचे वरिष्ठ जरा शुद्ध बोलणारे होते. त्यांच्या टेबलासमोर उभं राहून साहेब म्हणाले, "तुम्ही टाक्या मोजून राह्यले अन् कोंबडी अंडे मोजून राह्यली. दोघायचा हिशोब बरोबर हाये. चूल कोन मोजते?" वरिष्ठ म्हणाले, झाडे, भाषा सांभाळा. साहेबांना वाटलं ते वऱ्हाडीबद्दल बोलत आहेत. म्हणाले, "भाषेले काय झालं? माह्या मायची हाये."

अशा माणसाला कोण बढती देतो! लोक पाठीमागे त्यांना शेणसाहेब म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "शेणाले शेण म्हणून राह्यले ना, मंग ठीक हाये," एवढंच त्यांचं म्हणणं. खादीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्याला पिशवी, पिशवीत नळी कापायचा चाकू आणि साबणाची वडी. नळीला साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा फुटला की तिथे गॅस गळतो. तोच साबण मग हात धुवायला. आणि गंमत अशी की या माणसाच्या स्वतःच्या घरी गोबरगॅस नव्हता. वर्ध्यात भाड्याच्या दोन खोल्या, गोठा कुठून आणणार? झाडेवहिनी स्टोव्हवर स्वयंपाक करत, आणि रविवारी पहाटे साहेब रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभे असत. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "गावोगावच्या बाया ह्यायच्या नावानं दुवा देतात, अन् मी ह्यायच्या नावानं स्टोव्हले पिन मारतो." साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण कान लाल झाले होते.

ऐंशी सालानंतर वरून जोर आला. आधी जे काम चार गावांत रुजत होतं ते चाळीस गावांत उरकायचा हुकूम सुटला. मार्च जवळ आला की ट्रॅक्टरवर लोखंडी टाक्या लादून गावोगाव टाकायच्या, विहीर खणली तर खणली. त्या टाक्यांचं पुढे काय झालं ते पाहायला कुणी गेलं नाही, आम्ही दोघं गेलो. कुणी उलट्या करून त्यात तूर भरली होती. कुणी ढोरांना पाणी पाजायला ठेवली होती. एकाने पोळ्याच्या झुली भिजत घातल्या होत्या, तो बिचारा म्हणाला, सरकारने चांगलं भांडं दिलं. मला हसू आलं होतं. साहेब मात्र त्या टाकीच्या काठाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या लोखंडात एका घरच्या बाईचे डोये वाचले असते." मग मलाही हसू आवरावं लागलं. लोकांचा पैसा, लोकांचं लोखंड, आणि कागदावर सगळीकडे निळी ज्योत. मला आजही हे सांगताना संताप येतो.

तरी एक गाव होतं. गिरडच्या वाटेवरचं, टेकडीवरचा दर्गा दिसायला लागला की आलंच. नाव लिहीत नाही, तिथे माझी सोयरीक आहे. या गावी साहेबांनी जीव ओतला होता. सुरुवात सरपंचाच्या घरापासून केली. सरपंच मोठा कास्तकार, गोठा भरलेला, पण म्हणे आमच्या बायांना चुलीची सवय आहे, धुराचं काही वाटत नाही. साहेब म्हणाले, "मंग तुम्ही बसा ना चुलीपाशी. भाकरी संपेपर्यंत. मी वट्ट्यावर बसतो." चार माणसं पाहत होती, सरपंचाला नाही म्हणता येईना. पऱ्हाटी ओली होती. तिसऱ्या भाकरीला सरपंच खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसत बाहेर आला. त्याची म्हातारी आई आतून म्हणाली, "चाळीस वर्सं बसली मी तिथीसा. तू तं तीन भाकरीत उठला." त्या महिन्यात सरपंचाकडे विहीर खणली गेली, आणि सरपंचाचं पाहून वर्ष-दीड वर्षात दहा-अकरा घरी.

आणि ती सगळी चालली! मी स्वतः प्रत्येक घरी आत जाऊन पाहिलं आहे. सुना उभ्या-उभ्या निळ्या ज्योतीवर भाजी फोडणीला टाकत, भांड्यांची बुडं पांढरी राहत, पोरं सकाळी खोकत नसत. एकच तक्रार, रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, काही गॅसवर होत नाहीत, त्यांना गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा हारच पाहिजे. साहेब म्हणत, "रोडग्यापुरत्या थापा ना, मी कोठी नाई म्हणतो?" आणि जेवायला बसले की तेच रोडगे वांग्याच्या भाजीत चुरून सर्वांत जास्त खात. त्या गावी साहेबांना सलग घरोघरी पुरा कप प्यावा लागे. परतीच्या बसमध्ये त्यांचं पोट डुचमळायचं आणि चेहरा असा, की जणू लेकीचं लग्न लावून आले आहेत.

टाक्यांना शेण कमी पडू नये म्हणून साहेबांनी स्वतःच्या हाताने गावातल्या भिंतींवर गेरूने लिहिलं होतं, 'शेणाचा एक पोही वाया जाऊ देऊ नका.' अक्षर मोठं सुरेख. पुढचं सगळं त्या वाक्यातून निघालं.

आमच्या भागात गावाबाहेर एक मोकळी जागा असते, तिला आखर म्हणतात. सकाळी घरोघरची ढोरं सुटून तिथे गोळा होतात, काही वेळ उभी राहतात आणि मग ढोरकी, म्हणजे गावाचा गुराखी, त्यांना चरायला नेतो. तेवढ्या वेळात आखरावर जे शेण पडतं ते ढोरक्याच्या घरचं. राखणीबद्दल त्याला प्रत्येक घरून धान्य मिळतं, आणि वर हे शेण. ही चाल कुणी लिहून ठेवलेली नव्हती आणि कुणी मोडलेलीही नव्हती. या गावचा ढोरकी अंथरुणाला खिळला होता. त्याची बायको गोदाबाई ढोरं राखायची. बाईमाणूस ढोरं राखते म्हणून गावाने आधी नावं ठेवली, मग तिच्याइतकं कुणाला जमत नाही म्हणून गप्प बसलं. आखरावरच्या शेणाच्या ती गोवऱ्या थापे. त्यावर तिची चूल पेटे, आणि उरतील त्या बाजाराला जात. तिची सगळी मिळकत म्हणजे ती धान्याची पायली आणि त्या गोवऱ्या.

श्रावणातला दिवस होता. सरपंचाच्या वट्ट्यावर साहेबांनी कप संपवला होता, "मस्त झाला चाय, माय," झालं होतं. तेवढ्यात फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पोतं पांघरलेलं, हातात काठी.

"साहेब, एक चाय माह्या घरचा बी घ्या," ती म्हणाली.

सरपंच म्हणाला, "गोदे, साहेबाले टेम नाई. जाय."

पण चहाचं बोलावणं आणि झाडेसाहेब नाही म्हणतील? पिशवी उचलून ते तिच्यामागे निघाले, मीही गेले. आखराला लागून तिचं एका खणाचं घर. दाराशी नवरा बाजेवर पडलेला, त्याने हात जोडले. मी आत गेले. चूल थंड होती. गोदाबाईने भांडं चढवलं, मग मागच्या दाराने बाहेर गेली आणि बांबूच्या चिपा मोडल्याचा आवाज आला. मी डोकावून पाहिलं. न्हाणीभोवतीचा ताटवा, ज्याच्या आडोशाला घरच्या बायका आंघोळ करतात, तो ती मोडत होती. अर्धा आधीच गेलेला होता.

साहेबांनी कप नाकाशी नेला, डोळे मिटले आणि लगेच उघडले. हा वास त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"हे काय जाळलं, बाई?"

"न्हाणीचा ताटवा."

"काऊन? गोवऱ्या नाईत?"

"कायच्या थापू?" गोदाबाई दारात उभी राहून बोलली, आवाज चढवला नाही. "ढोरं आता शेण टाकल्याबिगर घरून सोडतच नाईत. आखरावर जे पडते त्याले सरपंचाचा गडी टोपलं घेऊन उभा राह्यते. म्या म्हटलं, हे माहं हाये. थो म्हणे, भितीवर वाच. मले कुठी वाचता येते? लोकायनं वाचून दाखोलं. तुमचंच अक्षर हाये म्हणतात."

साहेबांनी कप खाली ठेवायला हात खाली नेला. तेव्हा ती म्हणाली, "टाकू नका साहेब. ताटवा जळला त्याच्यात."

त्यांनी तो चहा पुरा प्यायला. माझ्या देखत धुराचा चहा त्यांनी पहिल्यांदा पुरा केला. "मस्त झाला" म्हणाले नाहीत. उठले, थेट भिंतीशी गेले, ओंजळीने डबक्यातलं पाणी घेऊन गेरूची अक्षरं पुसायला लागले. पावसात टिकावा म्हणून गेरूत त्यांनीच डिंक घातला होता. अक्षरं काही जाईनात.

तिथून सरपंचाचा वट्टा. साहेब म्हणाले, आखराचं शेण गोदाबाईचं आहे, तुमचा गडी उठवा. सरपंच हसला. "ढोरं आमची, शेण आमचं. तुम्हीच शिकोलं साहेब, एक पो बी वाया जाऊ देऊ नका."

"वाया?" साहेब असे ओरडले की आतून सरपंचाची आई बाहेर आली. "तिच्या चुलीत गेलं थे वाया? अन् तुमच्या शेगडीत गेलं थे कामी आलं? चूल चुलीत फरक हाये काय?"

मग त्यांनी एक तोड काढली आणि कचेरीला लिहून कळवली. आखराच्या कडेला एक संयंत्र बांधावं, आखराच्या शेणावर चालणारं, आणि त्याचा गॅस गोदाबाईला व तिच्या शेजारच्या चार घरांना द्यावा. उरलेला काला खत म्हणून तिने विकावा. म्हणजे शेणही तिचं आणि धूरही गेला. किती सोपं होतं! कचेरीने उत्तर दिलं, नियमात बसत नाही. ज्याच्या मालकीची चार-पाच जनावरं आहेत त्यालाच संयंत्र. गावभराची ढोरं जी बाई ऊनपावसात राखत होती तिच्या मालकीची एक शेळीसुद्धा नव्हती, म्हणून ती अपात्र. आणि ज्याच्याकडे गोठा, विहीर, बागायत सगळं होतं तो पात्र, अनुदानासकट. ज्याने हा नियम केला त्याने आयुष्यात कधी शेण पाहिलं असेल, पण ते उचलणारी बाई पाहिली नव्हती.

सरपंच तेवढ्यावर थांबला नाही. गोदाबाई तक्रार करते म्हणजे काय! त्याने ग्रामपंचायतीत ठराव करून घेतला की आखर गावाचं, तेव्हा तिथल्या शेणाचा दरवर्षी हर्रास व्हावा. जो जास्त बोली बोलेल त्याचं शेण. लिलावात सगळं कसं न्यायाचं दिसतं. आणि बोली कोण बोलणार हेही सगळ्यांना माहीत होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पारावर हर्रास झाला. मी महिला मंडळाच्या कामाने गावात होते. कोतवालाने पुकारा केला, सरपंचाने बोली लावली, कोतवाल "एक बार" म्हणाला आणि मागून आवाज आला, "वाढवून." सगळ्यांनी वळून पाहिलं. झाडेसाहेब होते. बसमधून उतरून तसेच आलेले, खांद्याला तीच पिशवी.

"साहेब, तुम्ही कायले?" सरपंच म्हणाला.

"काऊन? मले शेणाचं काय काम हे तुम्ही मले पुसता?"

लोक हसले. सरपंचाने बोली वाढवली, साहेबांनी वाढवली. शेणाला एवढा भाव त्या गावात आधी कधी आला नव्हता. शेवटी सरपंचाला जाणवलं की लोक आपल्यालाच हसताहेत. त्याने हात झटकला. साहेबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. त्या दिवाळीत झाडेवहिनींना लुगडं का आलं नाही ते मला तेव्हा कळलं. मग पारावर उभं राहून त्यांनी सांगितलं, "आखराचं शेण वर्षभर माहं. अन् माहं शेण कोन उचलन हे मी ठरोतो. गोदाबाई, उद्यापासून जाजो टोपलं घेऊन."

गोदाबाई पाराच्या खाली काठी टेकून उभी होती. काठी घेतली आणि आखराकडे गेली, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता.

याची चौकशी झाली. खोटी टाकी दाखवून अनुदान लाटणाऱ्या एकाचीही मी त्या कचेरीत चौकशी झालेली पाहिली नाही, पण याची झाली. सरकारी माणसाने हर्रासात बोली लावून शेणाचा व्यापार केला, असा आरोप. मला साक्षीला बोलावलं. साहेबाने शेण घेतलं हे खरं का, असं विचारलं. मी म्हटलं, खरं आहे. त्यातून त्यांना काय फायदा होता, असं विचारलं. मी म्हटलं, मलाही तेच विचारायचं आहे. मला बसायला सांगितलं नव्हतं, जायला सांगितलं.

साहेबांची बदली चांदा भागातल्या जंगलात झाली, जिथे गॅसची एकही टाकी नव्हती. त्यांच्या जागी एक तरुण, टापटिपीचे गृहस्थ आले. ते चहा पीत नसत. त्या हिवाळ्यात आमच्या याच गावाला 'आदर्श गोबरगॅस गाव' असा फलक मिळाला. पाहुणे जीपमधून आले, सरपंचाच्या शेगडीवर दूध तापवून दाखवलं, फोटो निघाले. जीपच्या वाटेवर आखर येतं आणि आखराशी गोदाबाईचं घर, ताटव्याविना न्हाणी उघडी. पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून तिथे लग्नातली कनात उभी केली होती. मी हे ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. कार्यक्रम संपल्यावर कनात काढून नेली.

पण बदलीने झाडेसाहेब हटले असं ज्याला वाटलं तो चुकला. पुढच्या दिवाळीनंतर हर्रासाच्या दिवशी ते पुन्हा पारावर हजर. तीन गाड्या बदलून. त्याच्या पुढच्या वर्षीही. रजा टाकायची, यायचं, बोली बोलायची, गोदाबाईला "जाजो" म्हणायचं आणि परत. सरपंच आता रागाने नाही, गमतीने बोली चढवी, साहेबाचा खिसा किती हलका होतो ते पाहायला. वहिनी म्हणायच्या, "लोकं तीर्थाले जातात, आमचे हे शेणाच्या हर्रासाले जातात." पण त्याच, दर महिन्याला थोडं थोडं त्या हर्रासासाठी बाजूला ठेवत, हे मला ठाऊक आहे.

इकडे टाक्यांना दरवर्षी काळा रंग द्यावा लागतो, तो देणारा कुणी उरला नाही. नळी फुटली तर बदलायला कोण येणार? टापटिपीचे गृहस्थ नव्या टाक्यांच्या मागे होते, जुनी चालते की नाही याची नोंद करायला त्यांच्याकडे रकानाच नव्हता. आधी एक टाकी गंजली, मग दुसरी. सुनांनी परत चुली सारवल्या. सरपंचाकडे हिंगणघाटहून सिलिंडर आलं. फलक तेवढा उभा राहिला, त्याला मात्र रंग देत असत.

माझी नोकरी संपायला आली होती तेव्हाची गोष्ट. दिवाळी होऊन गेलेली, मी त्या गावी गेले होते. दुपारच्या गाडीतून झाडेसाहेब उतरले. केस पिकलेले, नाक तेवढंच. पाराशी गेले. पारावर कुणी नव्हतं, एक कुत्रं झोपलं होतं. कोतवाल समोरून चालला होता, त्याला म्हणाले, "काऊन रे, हर्रास आज नाई?"

"हर्रास बंद झाला, साहेब. कोन घेते आता शेण? साऱ्या टाक्या बंद हायेत."

साहेब सरपंचाच्या परसात गेले, मी मागोमाग. कुणी हटकलं नाही. विहिरीवर टाकी तिरकी होऊन बसली होती. त्यांनी तिच्यावर टिचकी मारली, मग बोटाने जरा दाबलं. बोट आत गेलं. ते गंजाने माखलेलं बोट सदऱ्याला पुसत ते आखराकडे निघाले.

गोदाबाईच्या घराभोवती गोवऱ्यांची उतरंड रचलेली होती. नवरा राहिला नव्हता. न्हाणीला नवा ताटवा होता. तिने आम्हाला बसवलं आणि चूल फुंकली. गोवऱ्यांचा धूर जाड असतो, सगळं घर भरून गेलं. साहेबांचे डोळे वाहायला लागले. मी म्हटलं, बाहेर बसू. ते हलले नाहीत.

"आखर पूर्ण माहं झालं, साहेब," गोदाबाई कप देता देता म्हणाली. "कोनी आडवं येत नाई. टाक्या बंद पडल्या, बरं झालं. चालू असत्या तं आज म्या तुम्हाले चाय पाजू शकली नसती."

तिला यात काही टोचायचं नव्हतं. ती आनंदाने सांगत होती. साहेब कपाकडे बघत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दोन्ही झालं असतं, बाई. दोन्ही होऊ शकत होतं."

होऊ शकत होतं. आखराच्या कडेची ती जागा मोकळीच होती, दारातून दिसत होती. एक विहीर, एक टाकी, चार घरांना नळी. कुणाचं काही जाणार नव्हतं.

त्यांनी चहा प्यायला सुरुवात केली. नाकाशी कप नेला नाही, डोळे मिटले नाहीत. तळाचा घोटसुद्धा घेतला. गोदाबाई भांडं उचलून आत न्यायला निघाली तेव्हा त्यांनी रिकामा कप पुढे केला.

"अजून टाक अर्धा," झाडेसाहेब म्हणाले. "गॅसवरचा तं आता ह्या गावात कोठीच भेटत नाई."